जुनं कर्नेल काढण्याआधी: /बूट फोल्डर आणि ग्रब हाताळायला शिकताना

लिनक्सवर अपडेट चालू असताना टर्मिनलवर (कमांड टाइप करायच्या खिडकीत) ‘नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस’ असा निरोप आला की नवा माणूस एक तर घाबरून खिडकी बंद करतो, नाहीतर /बूट फोल्डर उघडून त्यातली जुनी दिसणारी फाइल हाताने उडवतो. मी दुसरं केलं होतं. जुनं समजून जे उडवलं त्याच कर्नेलवर (लिनक्सचा गाभा, बाकी सगळं त्याच्या जोरावर चालतं) मशीन तेव्हा चालू होतं, आणि नवं जागेअभावी अर्धवटच बसलं होतं. त्या क्षणी मशीनने हूं की चूं केलं नाही. चालू कर्नेल मेमरीत असतं. डिस्कवरची त्याची फाइल गेली तरी त्याला लगेच काही होत नाही. झालं ते रात्री रीस्टार्ट केल्यावर.

तेव्हापासून एक गोष्ट पाळतो. ज्या कर्नेलवर हे मशीन सुरू होताना मी स्वतः पाहिलं आहे, असं निदान एक कर्नेल डिस्कवर शाबूत असल्याशिवाय कशालाही हात लावत नाही. पुढच्या पायऱ्यांचा क्रमही त्यानुसारच लावला आहे, तेव्हा मधूनच उडी मारू नका.

कमांड उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या रोमन लिपीत, लहान अक्षरांत टाइप करायच्या, आकडेही रोमनच. कॅपिटल लागतील तिथे तसं सांगेन. उदाहरणं डेबियन, उबुंटू आणि मिंट या लिनक्सच्या वितरणांची (म्हणजे तयार संचांची) आहेत. फेडोरा आणि आर्चवाल्यांसाठी वेगळं काही असेल तर ते मध्येच येईल.

कोण कोणाला उठवतं

पॉवरचं बटण दाबलं की आधी मदरबोर्डवरचं फर्मवेअर जागं होतं. हल्लीच्या मशीनवर ते यूईएफआय असतं. डिस्कवर फॅट३२ स्वरूपाचं एक छोटं पार्टिशन (डिस्कचा वेगळा कप्पा) असतं, ते शोधून फर्मवेअर त्यातला बूटलोडर, म्हणजे कर्नेल चालू करून देणारा प्रोग्राम, चालवतं. आपला बूटलोडर म्हणजे ग्रब. ग्रब आपली कॉन्फिगरेशन फाइल वाचतो, मेनू दाखवतो आणि निवडलेलं कर्नेल मेमरीत चढवतो. त्याच्या जोडीला आणखी एक फाइल चढवतो, ती म्हणजे इनिटआरडी.

नवशिक्यांचा गोंधळ होतो तो या इनिटआरडीपाशी. कर्नेलला मुख्य डिस्क वाचायची तर त्या डिस्कचा ड्रायव्हर हवा. ड्रायव्हर ठेवलेला असतो त्याच डिस्कवर. पेटीची किल्ली पेटीतच राहिल्यासारखा प्रकार. म्हणून गरजेपुरते ड्रायव्हर आणि काही स्क्रिप्टा एका गाठोड्यात बांधून कर्नेलच्या हाती आधीच दिलेल्या असतात. ते गाठोडं म्हणजे इनिटआरडी. फेडोरा आणि आर्चवर त्याला इनिटरॅमएफएस म्हणतात. कर्नेल आहे पण गाठोडं नाही, अशी स्थिती झाली तर सहसा ‘कर्नेल पॅनिक’ होऊन सगळं तिथेच थांबतं.

ग्रबआधी बरीच वर्षं लिलो नावाचा बूटलोडर चालायचा. कर्नेल डिस्कवर नेमकं कुठे आहे याची नोंद तो आधीच करून ठेवायचा, त्यामुळे कर्नेल बदललं की लिलोची कमांड पुन्हा चालवावी लागे. विसरलात तर मशीन उठत नसे. ग्रबला फाइलसिस्टम स्वतः वाचता येते, म्हणून कर्नेलची फाइल तो नावावरून शोधतो. एवढ्या एका फरकाने कित्येकांच्या रात्री वाचल्या असतील.

पहिली पायरी: नुसतं बघा

आत्ता कोणतं कर्नेल चालू आहे?

यूनेम -आर

(अक्षरं: यू, एन, ए, एम, ई.) उत्तर ६.८.०-४५-जेनेरिक अशा स्वरूपात येईल. डॅशआधीचे आकडे कर्नेलची आवृत्ती सांगतात. डॅशनंतरचा आकडा तुमच्या वितरणाचा स्वतःचा असतो आणि सुरक्षा दुरुस्त्या येतात तसा वाढत जातो. हा पूर्ण क्रमांक कागदावर लिहून ठेवा. मशीन उठत नसताना पडद्यावरची नोंद काय कामाची!

मग:

एलएस -एलएच /बूट

इथे प्रत्येक आवृत्तीच्या चार फाइली दिसतील. व्हीएमलिनुझ हे प्रत्यक्ष कर्नेल, शेवटचं ‘झेड’ म्हणजे दाबून लहान केलेलं. त्याच क्रमांकाची इनिटआरडी हे गाठोडं. कॉन्फिग या फाइलीत ते कर्नेल बांधताना कोणते पर्याय निवडले होते त्याची यादी असते, आणि सिस्टिम-मॅपमध्ये कर्नेलच्या आतल्या पत्त्यांची. मशीन सुरू व्हायला लागतात त्या पहिल्या दोनच.

आकारांकडे बघा. कर्नेल साधारण दहा-पंधरा एमबीचं असतं, इनिटआरडी मात्र त्याच्या कित्येक पट मोठी असू शकते. जागा खाते ती हीच. शिवाय /लिब/मॉड्यूल्स फोल्डरमध्ये प्रत्येक आवृत्तीच्या ड्रायव्हरांचा वेगळा संच असतो, तो मुख्य डिस्कवर बसतो.

तिसरी कमांड:

डीएफ -एच /बूट

शेवटच्या रकान्यात नुसती तिरकी रेघ दिसली तर /बूट वेगळ्या पार्टिशनवर नाही. ते मुख्य डिस्कचाच भाग आहे. मग जागेची चिंता जवळजवळ नाहीच, आणि साफसफाईची घाईही नको. तिथे /बूट असंच दिसलं तर पार्टिशन वेगळं आहे. संपूर्ण डिस्क एन्क्रिप्ट करून लिनक्स टाकलं असेल तर बहुधा असंच असतं, कारण ग्रबला कर्नेल वाचता यावं म्हणून तेवढा भाग कुलपाबाहेर ठेवतात. ही पार्टिशनं लहान असतात आणि भरतातच.

दुसरी पायरी: मेनू दिसू द्या

एकच ऑपरेटिंग सिस्टिम असेल तर उबुंटू ग्रबचा मेनू लपवून ठेवतो. दिसायला छान, पण नवं कर्नेल बिघडलं तर जुनं निवडणार कुठून? काहीही काढण्याआधी हे दुरुस्त करून घ्या.

ग्रबची खरी कॉन्फिगरेशन फाइल /बूट/ग्रब/ग्रब.सीएफजी ही आहे. तिला हात लावू नका. ‘डू नॉट एडिट धिस फाइल’ असं तिच्या माथ्यावरच लिहिलेलं असतं. ती यंत्राने लिहिलेली असते आणि पुढचं कर्नेल आलं की नव्याने लिहिली जाते. तुमचे बदल तेव्हा पुसले जातात. आपण बदलायची ती /एटसी/डिफॉल्ट/ग्रब. आधी तिची प्रत घ्या (सुडो म्हणजे पुढची कमांड ॲडमिनच्या अधिकाराने चालवा):

सुडो सीपी /एटसी/डिफॉल्ट/ग्रब ~/ग्रब-जुनी

मग उघडा:

सुडो नॅनो /एटसी/डिफॉल्ट/ग्रब

आत ग्रब_टाइमआउट_स्टाइल आणि ग्रब_टाइमआउट अशा ओळी असतील, सगळं कॅपिटलमध्ये. पहिलीत हिडन असेल तर मेन्यू करा (लहान अक्षरांत), दुसरीत ० असेल तर ५. बरोबरच्या चिन्हाच्या आजूबाजूला जागा सोडायची नाही. ही फाइल शेल (कमांड समजून घेणारा प्रोग्राम) वाचतं आणि शेलला तिथली रिकामी जागा खपत नाही. सेव्ह करून बाहेर या आणि:

सुडो अपडेट-ग्रब

ही कमांड स्वतः काही करत नाही, ग्रब-एमकेकॉन्फिग नावाच्या दुसऱ्या कमांडला बोलावते. (फेडोरावर थेट ग्रब२-एमकेकॉन्फिग -ओ /बूट/ग्रब२/ग्रब.सीएफजी असं लिहावं लागतं.) पडद्यावर ‘फाउंड लिनक्स इमेज’ अशा ओळी येतील. त्या मोजा. /बूटमध्ये जेवढी कर्नेलं पाहिलीत तेवढ्या ओळी हव्यात, आणि प्रत्येकीखाली त्याच क्रमांकाची इनिटआरडी सापडल्याची ओळ हवी. गाठोड्याची ओळ नसेल तर त्या कर्नेलवर विसंबू नका.

अवतरणचिन्ह बंद करायला विसरलात तर कमांड चूक दाखवून थांबते, आणि जुनी ग्रब.सीएफजी तशीच राहते. नवी फाइल आधी बाजूला लिहून, तपासून मगच जुन्या जागी ठेवली जाते. तेव्हा इथे चुकायला फार घाबरू नका.

प्रत होम फोल्डरमध्ये घ्यायला सांगितली ती उगाच नाही. डिफॉल्ट फोल्डरात प्रत ठेवली तरी चालतं, पण तीच सवय /एटसी/ग्रब.डी फोल्डरात नडते. तिथल्या फाइली म्हणजे चालवायच्या स्क्रिप्टा असतात. शेजारी ठेवलेली प्रतही चालते आणि मेनूत सगळं दोनदोनदा दिसू लागतं.

तिसरी पायरी: दोन्ही दारं उघडून बघा

रीस्टार्ट करा. मेनूत ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’ मध्ये शिरलं की सगळी कर्नेलं ओळीने दिसतील. आधी नवीन निवडून मशीन पूर्ण चालू होऊ द्या. वायफाय, आवाज, ग्राफिक्स, झोपवून पुन्हा उठवणं, सगळं बघा. मग पुन्हा रीस्टार्ट करून आधीचं निवडा. तेही नीट चाललं तर दोघांचे क्रमांक कागदावर असू द्या, या दोघांना आता हात लावायचा नाही. दहा मिनिटांचं काम आहे. बहुतेक जण ते टाळतात, मीही टाळत असे.

मेनू काही केल्या दिसत नसेल तर यूईएफआय मशीनवर सुरुवातीला एस्केप, जुन्या बायोस मशीनवर शिफ्ट. एस्केप जरा जास्त वेळा दाबलं गेलं तर ‘ग्रब>’ असा काळा पडदा समोर येतो. तिथे नॉर्मल हा शब्द टाइप करून एंटर दाबा.

मेनूत एखाद्या नोंदीवर उभं राहून ‘ई’ दाबलं की ती नोंद संपादनासाठी उघडते. लिनक्स या शब्दाने सुरू होणारी ओळ शोधा. तिच्या शेवटी क्वाएट स्प्लॅश असतं. ते काढलं की सुरू होताना मशीन काय काय बडबडतं ते सगळं दिसतं. ग्राफिक्समुळे पडदा काळा राहत असेल तर तिथेच नोमोडसेट लिहा. मग कंट्रोल-एक्स. हा बदल त्या एका वेळेपुरताच असतो, पुढच्या रीस्टार्टला त्याचा मागमूसही राहत नाही. म्हणून कुठलाही कर्नेल पर्याय आधी इथे आजमावावा, पटला तरच /एटसी/डिफॉल्ट/ग्रबमधल्या ग्रब_सीएमडीलाइन_लिनक्स_डिफॉल्ट या ओळीत लिहावा. इंटरनेटवर सापडलेला पर्याय थेट फाइलमध्ये चिकटवणाऱ्यांना माझा कोपरापासून नमस्कार.

चौथी पायरी: आता काढा

सुडो एपीटी ऑटोरिमूव्ह --पर्ज

एपीटी म्हणजे पॅकेजं (सॉफ्टवेअरचे गठ्ठे) बसवणारी-काढणारी कमांड. ‘यस’ म्हणण्याआधी यादी वाचा. चालू कर्नेल आणि सगळ्यात नवं, ही दोन्ही ही कमांड स्वतःहून राखते. तरीही लिहून ठेवलेले क्रमांक यादीत नाहीत ना, हे कागद समोर धरून पाहा.

काही कर्नेलं यातून सुटतात, विशेषतः हाताने टाकलेली. त्यांच्यासाठी:

डीपीकेजी --लिस्ट | ग्रेप लिनक्स-इमेज

ओळीच्या सुरुवातीला ‘आयआय’ म्हणजे बसवलेलं. ‘आरसी’ म्हणजे काढून टाकलेलं, फक्त त्याची कॉन्फिगरेशन उरली आहे; ते जागा खात नाही. नको असलेल्याचं पूर्ण नाव देऊन:

सुडो एपीटी पर्ज लिनक्स-इमेज-६.८.०-४०-जेनेरिक

यादीत लिनक्स-इमेज-जेनेरिक असं, क्रमांक नसलेलं एक नाव दिसेल. हे कर्नेल नाही. नवीन कर्नेल आलं की ते ओढून आणणारं रिकामं पॅकेज आहे. जुनं दिसतंय, आकारही नगण्य, म्हणून ते काढलं की काहीच बिघडत नाही आणि हीच खरी पंचाईत आहे. मशीन मजेत चालतं, फक्त नवी कर्नेलं यायची थांबतात आणि सुरक्षा दुरुस्त्याही. कित्येक महिने पत्ता लागत नाही.

फेडोरावाल्यांनी यातलं फारसं काही करायला नको. डीएनएफ (फेडोराचं एपीटी) मुळातच तीन कर्नेलं ठेवतो आणि चौथं आलं की सगळ्यात जुनं काढतो. आर्चवर उलटी गत. तिथे नवं कर्नेल जुन्याच्या जागी येऊन बसतं, मागे काही उरत नाही. म्हणून लिनक्स-एलटीएस हे दुसरं कर्नेल सोबतीला टाकून ठेवा आणि ग्रबची फाइल नव्याने लिहून घ्या. आर्चवर अपडेटनंतर पेन ड्राइव्ह ओळखला जाईनासा झाला तर तो पेन ड्राइव्हचा दोष नसतो. चालू कर्नेलचे ड्रायव्हर डिस्कवरून गेलेले असतात. रीस्टार्ट केलं की झालं.

/बूट इतकं भरलंय की एपीटीच अडलंय

साफसफाई करायला एपीटी हवं. एपीटी आधी अर्धवट राहिलेलं कर्नेल पूर्ण करू पाहतं, आणि त्यासाठी /बूटमध्ये जागा नाही. माझं घोडं इथेच अडलं होतं.

वाट अशी आहे. कर्नेलला हात लावू नका. चालू नसलेल्या, सगळ्यात जुन्या आवृत्तीची फक्त इनिटआरडी बाजूला हलवा. पुसायची नाही, हलवायची:

सुडो एमव्ही /बूट/इनिटआरडी.आयएमजी-६.८.०-४०-जेनेरिक ~/

गाठोडं निवडण्याचं कारण साधं: ते सगळ्यात मोठं असतं, आणि गमावलंच तरी /लिब/मॉड्यूल्समधून पुन्हा बांधता येतं. कर्नेल तुमच्या मशीनवर असं बांधून मिळत नाही. आता:

सुडो एपीटी -एफ इन्स्टॉल

अर्धवट काम पूर्ण होईल. मग ऑटोरिमूव्ह. हलवलेल्या गाठोड्याचं कर्नेल त्यात निघून गेलं तर होममधली प्रत पुसून टाका. नाही गेलं तर परत नेऊन ठेवा आणि अपडेट-ग्रब चालवा.

इनिटआरडी कायमची लहान करण्याचाही उपाय आहे: /एटसी/इनिटरॅमएफएस-टूल्स/इनिटरॅमएफएस.कॉन्फ या फाइलीत मॉड्यूल्स (कॅपिटल) समोरचं मोस्ट काढून डेप करायचं. मग फक्त याच मशीनला लागणारे ड्रायव्हर गाठोड्यात बांधले जातात. मी हे करत नाही. मदरबोर्ड बदलला किंवा डिस्क दुसऱ्या मशीनला लावली, तर नेमका हवा तो ड्रायव्हर गाठोड्यात नसतो.

मशीन उठलंच नाही तर

कुठे थांबलं ते बघा, निम्मं निदान तिथेच होतं. ‘नो बूटेबल डिव्हाइस’ म्हणजे फर्मवेअरलाच ग्रब सापडला नाही. ‘ग्रब रेस्क्यू>’ म्हणजे ग्रब सापडला, पण त्याला स्वतःचं फोल्डर मिळत नाही. पार्टिशनं हलवल्यावर हमखास दिसतं. नुसतं ‘ग्रब>’ म्हणजे कॉन्फिगरेशन फाइल गायब. मेनू आला, कर्नेल निवडलं आणि ‘अनएबल टू माउंट रूट एफएस’ म्हणत पॅनिक झालं तर गाठोडं नाही किंवा अर्धवट आहे. मेनूतून जुनं कर्नेल निवडून सुटका होत असेल तर तेच करा, पुढचं वाचायचीही गरज नाही.

नाहीतर लाइव्ह पेन ड्राइव्ह, म्हणजे ज्यावरून लिनक्स थेट चालतं असा. त्यावरून मशीन सुरू करून टर्मिनलमध्ये एलएसबीएलके -एफ चालवा आणि कोणतं पार्टिशन कशाचं ते ओळखा. समजा मुख्य पार्टिशन एसडीए३, /बूट एसडीए२ आणि यूईएफआयचं एसडीए१ आहे. (एन्क्रिप्टेड असेल तर आधी फाइल मॅनेजरमधून पासवर्ड देऊन कुलूप उघडा; मग त्याचं नाव वेगळं दिसेल.)

सुडो माउंट /डेव्ह/एसडीए३ /एमएनटी
सुडो माउंट /डेव्ह/एसडीए२ /एमएनटी/बूट
सुडो माउंट /डेव्ह/एसडीए१ /एमएनटी/बूट/ईएफआय

क्रम महत्त्वाचा. /बूट वेगळं नसेल तर दुसरी ओळ गाळा. मग डेव्ह, प्रॉक, सिस आणि रन ही चार फोल्डरं एकेक करून आत जोडा:

सुडो माउंट --आरबाइंड /डेव्ह /एमएनटी/डेव्ह

बाकी तिघांसाठीही असंच. शेवटी:

सुडो सीएचरूट /एमएनटी

आता तुम्ही आजारी सिस्टिमच्या आत उभे आहात, फक्त कर्नेल पेन ड्राइव्हचं आहे. यूनेम इथे पेन ड्राइव्हचाच आकडा सांगेल, त्यावर जाऊ नका. कागद काढा. कर्नेलची फाइलच गेली असेल तर एपीटी इन्स्टॉल --रीइन्स्टॉल आणि पुढे त्या पॅकेजचं पूर्ण नाव. फक्त गाठोडं गेलं असेल तर:

अपडेट-इनिटरॅमएफएस -सी -के ६.८.०-४५-जेनेरिक

आणि दोन्ही बाबतीत शेवटी अपडेट-ग्रब. ग्रब-इन्स्टॉल ही कमांड यात कुठेच आली नाही, कारण तिचं काम वेगळं आहे: ती बूटलोडर स्वतःच पुन्हा बसवते. पहिल्या दोन लक्षणांपैकी एखादं असेल तरच तिच्याकडे वळा. मेनू दिसतोय तोवर बूटलोडर धडधाकट आहे.

सिक्युअर बूट (ओळखीची सही नसलेलं काही सुरू होऊ न देणारी फर्मवेअरची सोय) चालू असेल तर ओळखीची सही, सहसा वितरणाची, असलेलीच कर्नेलं ग्रब उचलतो. मोकयूटिल --एसबी-स्टेट या कमांडने स्थिती कळते. स्वतः बांधलेलं कर्नेल ‘बॅड शिम सिग्नेचर’ म्हणत नाकारलं गेलं तर फाइली ठीक आहेत, सही नाही एवढंच.

एक्झिट टाइप करून बाहेर या, रीस्टार्ट करा, आणि तेवढ्यात पेन ड्राइव्ह काढून घ्या. त्या रात्री सगळं बरोबर करून मी नेमका तोच लावून ठेवला होता. पुन्हा लाइव्ह डेस्कटॉप समोर आला आणि सगळ्या कमांडी पहिल्यापासून आणखी एकदा चालवल्यावर मला तो मशीनच्या बाजूला चमकताना दिसला.